फ्लॅपचा खटका आणि दाताची खुर्ची

विमान तयार होतं. म्हणजे पंख होते, शेपटी होती, इंजिन होतं, दोन खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर निळं कापड होतं आणि शेपटीला रंगाचा तिसरा हातही देऊन झाला होता. फक्त पुढच्या पॅनेलवर, वेगाच्या काट्याखाली, अंगठा जाईल एवढं एक भोक रिकामं होतं. आणि त्या भोकापायी लिफ्टमास्तर आणि त्यांची बायको गेले पाच आठवडे एकमेकांशी धड बोलत नव्हते.

लिफ्टमास्तर हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. एकतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवल्या, दुरुस्त केल्या, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देत बाहेर काढलं. बायको दातांची डॉक्टर. घराच्या तळमजल्यावर पुढे तिचा दवाखाना, मागे पत्र्याची लांबलचक शेड, आणि शेडमध्ये विमान. नकाशांचा जाडजूड गठ्ठा मागवून, पत्रा कापून, रिव्हेट ठोकून दोघांनी ते सात वर्षांत उभं केलं होतं. त्या सात वर्षांत भांडण म्हणून झालं नव्हतं, कारण भांडायला जागाच नव्हती. कुठला बोल्ट, किती लांब, किती आवळायचा, सगळं नकाशात लिहिलेलं. पण एकशे बाराव्या पानावर नकाशा काढणाऱ्याने, कोण जाणे कुठल्या लहरीत, एक ओळ लिहून ठेवली होती: ‘फ्लॅपचा स्विच बांधणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे निवडावा.’

बांधणारे दोन होते.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेली फळी. उतरताना ती खाली झुकवायची, मग विमानाचा वेग उतरतो तरी ते हवेत टिकून राहतं. उतरून झालं, किंवा उतरायचं रद्द करून पुन्हा वर निघायचं झालं, की फळी परत वर घ्यायची. फळी हलवायला मोटर, आणि मोटरला हुकूम द्यायला स्विच. बस, एवढीच गोष्ट. पण एवढीशी गोष्ट मास्तरांच्या आयुष्यभराच्या तत्त्वाला जाऊन भिडली.

“बटण दाबायचं आणि विसरून जायचं,” ते म्हणाले. “एक, दोन, तीन अशा खुणा असलेला गोल खटका लावू. दोनवर फिरवला की फ्लॅप आपोआप दोनवर जाऊन थांबेल. एकतीस वर्षांत मी असा माणूस पाहिला नाही, जो पाचव्या मजल्यापर्यंत बटण दाबून धरतो.”

“आणि सव्वीस वर्षांत मी एकही दाढ चिमटा लावून, विसरून जाऊन काढलेली नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना स्प्रिंगचा खटका हवा होता. दाबून धरला तोवर फ्लॅप हलणार, बोट उचललं की खटका मध्ये येणार आणि फ्लॅप जिथे असेल तिथे थांबणार. “काम चालू असेपर्यंत हात कामावर पाहिजे.”

“मग शोध कशाला लागले?”

“बेफिकिरी करायला नाही लागले.”

पहिले काही दिवस त्यांनी शेडमध्येच परीक्षा घेतली. विमान लाकडी टेकूंवर उभं, डॉक्टर आत बसलेल्या, स्विच मांडीवर. पण समोर धावपट्टीच नाही, तर उतरायचं कशावर? मास्तरांनी थोरल्या बहिणीला सांगितलं की पांढरी चादर पसरून धर आणि हळूहळू विमानाकडे चालत ये.

“मी धावपट्टी होणार नाही,” ताई म्हणाली आणि निघून गेली.

ही ताई दवाखान्यात नंबर लावायची, अवजारं उकळायची आणि नोंदवहीत प्रत्येक पेशंटपुढे बारीक अक्षरात शेरा लिहायची. दोघांच्या भांडणात ती कुणाच्याच बाजूने नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की विमानापायी दवाखान्याचे टॉवेल तेलकट होतात.

मग एका सकाळी डॉक्टर हातातला पाव तसाच धरून म्हणाल्या, “अहो, उतरताना डोळे कुठे असतात?”

“धावपट्टीवर.”

“आणि हात?”

“स्विचवर.”

“डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे, हे काम मी रोज वीस वेळा करते. डोळे पेशंटच्या तोंडात आणि डावा हात खुर्चीच्या बटणावर. खुर्चीची मोटरही आपल्या फ्लॅपच्याच जातीची, दांडा पुढे सारते, मागे घेते. एक आठवडा तुमचा स्विच खुर्चीला लावू, एक आठवडा माझा. काय ते कळेल.”

मास्तर क्षणभर बायकोकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा अभिमान त्यांना क्वचितच वाटला होता.

“पेशंटना विचारलंय का?” ताईने विचारलं.

“त्यांचं तोंड उघडं असतं, वन्सं. ते काय सांगणार?”

पहिला आठवडा मास्तरांचा. त्यांनी गोल खटका खुर्चीच्या बाजूला बसवला, वर पितळी पट्टीवर आकडे कोरले आणि लिफ्टमधल्या सवयीने, सगळं जागच्या जागी थांबवणारं एक लाल बटणही जोडून दिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार खुर्ची लोण्यासारखी चालली. डॉक्टर खटका दोनवर फिरवायच्या आणि खुर्ची खाली जात असताना हातमोजे घालायच्या. मास्तर दाराच्या फटीतून बघायचे आणि हसू दाबायचे.

गुरुवारी गायनमास्तर आले. आडव्या अंगाचे, आवाज भरदार, वरच्या जबड्यातली एक दाढ किडलेली. दाढ घासून झाली, डॉक्टरांनी त्यांना चूळ भरायला पाणी दिलं. गायनमास्तरांनी गाल फुगवून पाणी तोंडात घेतलं, आणि नेमक्या त्याच वेळी कापूस घ्यायला वळलेल्या डॉक्टरांचं कोपर खटक्याला लागलं. खटका एकवरून गेला तीनवर. खुर्ची निमूटपणे मागे कलायला लागली.

डॉक्टरांनी खटका परत फिरवला, पण घाईत तो शून्याच्याही पुढे जाऊन पुन्हा तीनवर आला. गायनमास्तर कलत होते. तोंडातलं पाणी गिळावं की थुंकावं हे न ठरवता आल्यामुळे त्यांनी एक सूर लावला. तो पाण्यातून आल्यामुळे फार वेगळा लागला. मास्तर धावत आत आले आणि त्यांनी लाल बटण हाणलं. खुर्ची थांबली. गायनमास्तरांचं डोकं खाली, पाय वर, आणि पाणी नाकात.

लाल बटण लिफ्टचं होतं. एकदा दाबलं की मोटरचं झाकण उघडून आतली कळ हाताने फिरवल्याशिवाय काही हलत नाही. मास्तर गुडघ्यावर बसले, पेचकस काढला आणि जुन्या सवयीने मोठ्याने म्हणाले, “घाबरू नका. आत किती जण आहात?”

“एकच आहे, अरे, समोर लटकतोय!” ताई ओरडली.

त्या संध्याकाळी नोंदवहीत शेरा पडला: ‘गायनमास्तर. वरची दाढ. बुडाले. पुन्हा येणार नाहीत.’

“ती कोपराची चूक होती,” मास्तर म्हणाले. “स्विचची नाही.”

“विमानात कोपरं घरी ठेवून बसायचं का?” डॉक्टरांनी विचारलं.

दुसरा आठवडा डॉक्टरांचा. स्प्रिंगचा खटका. कोपर लागलं तरी खुर्ची बोटभर हलून थांबायची. कुणी बुडालं नाही, कुणी लटकलं नाही. मास्तर फटीतून बघायचे, पण आता हसू दाबायची गरज पडत नव्हती. शनिवारपर्यंत त्यांनी आशा सोडली होती. तेवढ्यात बेकरीवाल्या बाई आल्या.

बाईंच्या दाढेत सिमेंट भरायचं होतं. डॉक्टरांच्या उजव्या हातात भरायची सळई, डाव्या हाताच्या दोन बोटांत कापूस आणि उरलेल्या तीन बोटांत थुंकी ओढायची नळी. दोन्ही हात जागचे हलवले तर सिमेंट पडणार. आणि ऐन त्या वेळी बाईंना ठसका लागायची चिन्हं दिसायला लागली. डोळे विस्फारले, हात हवेत. खुर्ची ताबडतोब वर घ्यायला हवी होती. ताई बाहेर नंबर लावत होती. खुर्ची पूर्ण वर यायला नऊ सेकंद लागायचे, आणि ते नऊ सेकंद खटका दाबून धरायला डॉक्टरांकडे तिसरा हात नव्हता.

त्यांनी हनुवटीने दाबला.

मास्तरांनी फटीतून जे पाहिलं, ते आयुष्यभर विसरणं शक्य नव्हतं. दोन्ही हात वर, कंबरेत वाकलेली, हनुवटी खटक्यावर टेकवलेली बायको. आणि तिच्या नाकासमोरून लिफ्टसारख्या सावकाश वर जाणाऱ्या बेकरीवाल्या बाई. आठव्या सेकंदाला हनुवटी घसरली. खुर्ची थांबली. बाईंनी ठसका दिला आणि सिमेंट डॉक्टरांच्या चष्म्यावर जाऊन बसलं.

‘बेकरीवाल्या बाई,’ ताईने लिहिलं. ‘दाढ राहिली. चष्मा भरला.’

“बोला,” मास्तर म्हणाले. त्यांना एकच शब्द पुरला.

डॉक्टर चष्मा खरवडत राहिल्या. इथपासून खरा अबोला सुरू झाला, आणि दोन माणसांमधला सगळा व्यवहार ताईवर येऊन पडला.

“ताई, तिला सांग, गुरुवारी अकराला विमानाचे इन्स्पेक्टर येतायत. स्विच ठरला नाही तर कागद मिळणार नाही.”

“वन्सं, यांना सांगा, मी ठरवलाय.”

“ताई, तिला सांग, मीही ठरवलाय.”

“मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी आहे,” ताई म्हणाली. “दोघांनाही ऐकू येतंय. मला कणीक मळायची आहे.”

मास्तर हट्टाला पेटले की त्यांचे हात पेचकसाकडे जायचे. बुधवारी दुपारी दवाखाना बंद असताना त्यांनी खुर्चीला दोन्ही स्विच जोडून टाकले. उजवीकडे आपला गोल, डावीकडे बायकोचा स्प्रिंगचा. शेवटचा हुकूम ज्याचा, खुर्ची त्याचं ऐकेल. विमानातही असंच करायचं, म्हणजे प्रश्नच मिटला, असं त्यांच्या मनात होतं.

गुरुवारी पावणेअकराला एक उंच गृहस्थ तपकिरी बॅग घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. त्यांचा डावा गाल इतका सुजला होता की चेहरा दोन वेगवेगळ्या माणसांचा वाटत होता. ते काहीतरी पुटपुटले. जबडा उघडतच नव्हता. ताईने गाल पाहिला, त्यांची बॅग काढून घेतली आणि दंडाला धरून आत नेलं.

“मी... त्यासाठी नाही...” गृहस्थ दातांतून म्हणाले.

“सगळे असंच म्हणतात,” ताई म्हणाली. “आडवे व्हा.”

गृहस्थांनी खुर्चीकडे पाहिलं. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. ते आडवे झाले.

मास्तर त्या वेळी खुर्चीमागे उकिडवे बसून गोल खटक्याचा स्क्रू आवळत होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता पेशंटच्या तोंडात दिवा मारला. खालची दाढ मुळापर्यंत गेलेली, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, पेशंटने डोळ्यांनीच हो म्हटलं, सुई झाली, गाल बधिर झाला. डॉक्टरांनी चिमटा दाढेवर पक्का बसवला आणि डावा अंगठा स्विचवर ठेवून खुर्ची जराशी खाली घेतली. मास्तरांना वाटलं, दोनवर बरी होती की, आणि त्यांनी आपला खटका फिरवला. खुर्ची वर आली.

डॉक्टरांनी खाली घेतली. ती परत वर आली.

“अहो,” डॉक्टर म्हणाल्या. बारा दिवसांतला तो पहिला थेट शब्द होता. “हात काढा.”

“तू काढ. आपोआप दोनवर येतंय ते.”

“मला दोनवर नकोय. मला अडीचवर हवंय.”

“अडीच असं काही नसतं!”

“लिफ्टमध्ये नसतं. तोंडात असतं!”

“मग सव्वादोन घे, मी मधली खूण कोरून देतो.”

“मला खूण नको, माझा अंगठा मला कळतो!”

एवढ्या संवादात पेशंट चारदा खाली आणि चारदा वर जाऊन आले होते. त्यांचे डोळे आळीपाळीने छताकडे आणि दिव्याकडे बघत होते. पाचव्या वेळी डॉक्टरांनी रागाने खटका दाबून धरला. खुर्ची थेट तळापर्यंत खाली गेली, पेशंट खाली गेले, आणि डॉक्टरांचा उजवा हात, चिमट्यासकट, जिथे होता तिथेच राहिला.

चिमट्यात दाढ होती. अख्खी, मुळांसकट, एकदम सुरेख निघालेली.

“निघाली,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“इतकी सोपी असते?” मास्तरांनी विचारलं.

पेशंटने हाताने जागा चाचपली, कापसाचा बोळा दातांत धरला आणि उठून बसले. त्यांचा खालचा ओठ बधिर होऊन लोंबत होता. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने म्हटलं, “ई-आन उठे आहे?”

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“ईमान कुठे आहे, म्हणतायत,” ताई दारातून म्हणाली. “बरोबरच आहे. मीही महिनाभर तेच विचारतेय.”

गृहस्थांनी मान जोरात हलवली. ताईच्या हातातून आपली बॅग घेतली, बॅगेतून वही काढली आणि ठळक अक्षरात लिहून वही त्यांच्यापुढे धरली: ‘विमान कुठे आहे?’

मास्तरांच्या हातातला पेचकस खाली पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला.

शेडपर्यंतच्या वीस पावलांत बोलू शकत नव्हते ते इन्स्पेक्टरसाहेब, आणि बोलायची हिंमत नव्हती ती मास्तरांची. डॉक्टर मात्र दोनदा म्हणाल्या की आज दिवसभर गरम काही घेऊ नका.

पण साहेब कामाचे पक्के होते. गालात बोळा, हातात टॉर्च, दोन तास ते विमानाभोवती फिरले. पोटाखाली झोपले, पंखात हात घातला, एकेक बोल्ट हलवून पाहिला, रिव्हेटवरून बोट फिरवलं. मध्येच थांबून मान डोलवायचे. शेवटी साहेब आत बसले आणि पॅनेलवरच्या भोकात त्यांनी बोट घातलं. भुवया वर गेल्या.

दोघं एकदम बोलायला लागले. गोल खटका, स्प्रिंग, कोपर, ठसका, पाचवा मजला, गायनमास्तर. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणून मी म्हणतो, दोन्ही लावावेत,” मास्तरांनी आपला तोडगा पुढे केला. “एक तिच्या बाजूला, एक माझ्या बाजूला.”

साहेबांनी डोळे उघडले. गालावर हात ठेवला. मग वही घेतली आणि सावकाश, प्रत्येक अक्षर दाबून लिहिलं: ‘एका विमानात दोन खटके अजिबात नकोत. मी नुकताच त्यात बसून आलो आहे.’ खाली आणखी लिहिलं: ‘बाकी काम उत्तम. खटका बघितल्याशिवाय हाताला कळला पाहिजे आणि कोपराने हलता कामा नये. कुठला, ते तुम्ही ठरवा. आठ दिवसांत कळवा.’

ते गेल्यावर मास्तर शेडमधल्या स्टुलावर बसून राहिले. ताई तेलकट टॉवेल गोळा करायला आली होती.

“गल्लीतल्या सगळ्यांना झोपवलंत त्या खुर्चीत,” ती म्हणाली. “तू बसलायस का एकदा तरी?”

मास्तर बसले नव्हते. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. चाळीस मजल्यांच्या पोकळ बोगद्यात ते दोरीवर लटकून काम करायचे, पण त्या खुर्चीचं नाव काढलं की त्यांचे तळवे गार पडायचे. दिवसातून तीनदा दात घासायचे ते स्वच्छतेच्या आवडीने नव्हे.

“आज बस,” ताई म्हणाली. “नाहीतर मी साहेबांना कळवते, की विमानाला फ्लॅपच नको. तरंगत राहा म्हणावं वरच.”

मास्तर बसले. खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे छताला लावून. डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसल्या. चेहऱ्यावर पेशंटसाठीचा चेहरा होता, तो मास्तरांनी इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता.

“आधी तुमचा,” डॉक्टर म्हणाल्या आणि गोल खटका दोनवर फिरवून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

खुर्ची मागे जायला लागली. खुर्ची जातच होती. “थांब,” ते म्हणाले. “थांबव. बास!” डॉक्टर नुसत्या बघत होत्या. खुर्चीला काही ऐकू येत नव्हतं. दोनवर पोचल्यावर ती आपल्या मनाने थांबली, पण तोवर मास्तरांच्या कपाळाला घाम फुटला होता. हेच बटण ते लोकांना आयुष्यभर देत आले होते. पण लिफ्टला दोन बाजूंना पोलादी रूळ असतात, वर दोर असतो, खाली खड्ड्यात धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात. तिला चुकायला वावच नसतो. म्हणून तर विसरून जाता येतं. विमानाला रूळ कुठले?

“आता माझा,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी गोल खटक्याची वायर काढून ठेवली.

अंगठा टेकला. खुर्ची जराशी गेली. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांनी ओठ आवळले, खुर्ची थांबली. पुन्हा जराशी. पुन्हा थांबली. कधी तरी त्यांच्या मुठी सुटल्या. त्यांना कळलं तेव्हा ते पूर्ण आडवे झालेले होते आणि छताचा एक पोपडा निघालाय, त्याला पुट्टी भरली पाहिजे, असा विचार करत होते.

“खाली येताना तुझं बरोबर,” ते छताकडे बघत म्हणाले.

“काय म्हणालात?”

“ऐकलंस तू.”

“आता आडवे झालाच आहात तर दात साफ करते,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मास्तर काही म्हणायच्या आत त्यांच्या तोंडात दोन अवजारं होती.

चार मिनिटं ठीक गेली. पाचव्या मिनिटाला फवाऱ्याचं पाणी मास्तरांच्या घशात गेलं. त्यांनी हात झाडले, पाय झाडले, एक शिंग फुंकल्यासारखा आवाज केला. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत अवजारं. त्यांनी कोपराने खटका दाबला, निसटला. गुडघ्याने दाबला, निसटला. “वन्सं! धावा!” ताई आली, तिने खटका दाबून धरला, आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत नऊ सेकंद उभी राहिली. मास्तर वर येऊन खोकले तेव्हा डॉक्टरांचा ॲप्रन कंबरेपर्यंत भिजला होता.

“वर जाताना मात्र तुमचं,” डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या. “एकदाच टिचकी मारायची आणि हात मोकळे.”

“म्हणजे उतरायचं रद्द झालं आणि परत वर उडायचं असलं...”

“...की दोन्ही हात कामात असतात. इथल्यासारखेच.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताई खटक्यावर बोट ठेवून तशीच उभी होती. “सोडू का आता?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. खाली दाबून धरावा लागेल आणि सोडला की मध्ये येईल, पण वर केला तर तसाच वर राहील, असा खटका आहे का? दुकानदाराने दोघांकडे संशयाने पाहिलं. मग खालचा खण उघडला.

“एक आहे असा. पण तो तसाच बनवलेला आहे हं, बिघडलेला नाही. आधीच सांगतो. तीन गिऱ्हाइकं अर्धीच स्प्रिंग आहे म्हणून भांडून परत देऊन गेलीत.”

मास्तरांनी खटका खाली दाबला, सोडला. टप्. मध्ये आला. वर ढकलला. खट्. वरच राहिला. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. तिने डोळे मिटून दोनदा करून पाहिला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी आपलं सामान घेऊन जरा लांब उभं राहणं पसंत केलं.

हाताला ओळखू यावा म्हणून खटक्याचं टोक पंखाच्या आकाराचं हवं होतं. तसं टोक कुठे मिळेना. शेवटी डॉक्टरांनी कवळ्यांसाठी लागणारा मसाला कालवला आणि एका दुपारात लहानसा पंख घडवला, एक कड जाड, एक पातळ, वरून गुळगुळीत. रंग अर्थातच हिरडीचा. काळ्या पॅनेलवर तो गुलाबी पंख असा उठून दिसायचा की विमान जीभ काढून दाखवतंय असं वाटायचं. कोपर लागू नये म्हणून मास्तरांनी दोन्ही बाजूंना स्टीलच्या छोट्या कमानी वळवून बसवल्या. साहेबांना फोटो पाठवला. चार दिवसांनी कागद आला, शिक्क्यासह. सोबत खासगी चिठ्ठी होती: ‘उजवीकडचीही दाढ ठणकते आहे. खुर्चीला आता एकच खटका आहे ना, हे कृपया लेखी कळवावे.’ ताईने लेखी कळवलं आणि सोमवारचा नंबर दिला.

नियमाप्रमाणे चाचणीचे सुरुवातीचे सगळे तास विमान डॉक्टरांनी एकट्याने उडवलं; परवाना त्यांच्याकडेच होता. मास्तर गवताच्या मैदानाच्या कडेला उभे राहून बघायचे. विमान शेवटच्या वळणावर आलं की पंखामागची फळी जराशी खाली यायची, थांबायची, मग आणखी जराशी. मैदानावरच्या दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसत नसेल. मास्तरांना अंगठा दिसायचा.

मग एका स्वच्छ सकाळी त्यांची पाळी आली. बायको डावीकडे, ते उजवीकडे. वर गेल्यावर त्यांनी घर शोधलं, शेड शोधली, दवाखान्याची पाटी शोधली आणि प्रत्येक वेळी “ते बघ” म्हणून इतक्या जोरात बोट दाखवलं, की डॉक्टरांना त्यांचा हात खाली करावा लागला. उतरायची वेळ आली तेव्हा डॉक्टर नजर समोर ठेवून म्हणाल्या, “फ्लॅप तुम्ही घ्या.”

“मी?”

“मी सांगते तसं. जरासं.”

मास्तरांनी गुलाबी पंखावर अंगठा टेकवला. पाठीमागे मोटर गुणगुणली. विमान हवेत बसल्यासारखं झालं.

“बास. थांबा. आता अजून थोडं. अजून. अजून. पूर्ण.”

गवत वर आलं, चाकं टेकली, एकदा उडाली, परत टेकली. विमान धडधडत मैदानाच्या टोकापर्यंत गेलं, वळलं आणि कुंपणापाशी येऊन उभं राहिलं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. मास्तर अजून तसेच, ओठ आवळून, अंगठा पांढरा पडेपर्यंत खटका दाबून बसले होते.

“अहो, सोडा आता. फ्लॅप केव्हाच खाली आलेत.”

“खात्री आहे ना?”

“आपण गवतात उभे आहोत!”

मास्तरांनी एकेक बोट सोडवत हात काढला. मग खटका वर ढकलला. खट्. एवढं झाल्यावर खाली उतरायचं, पण ते खिडकीतून मान वळवून फळी सावकाश वर जाताना बघत बसले. ती जागेवर पोचली, मोटर थांबली, तरी आणखी थोडा वेळ त्यांनी तिच्यावर नजर ठेवली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर ताई उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पर्स, चेहऱ्यावर दवाखान्यातला भाव.

“उतर,” ती म्हणाली. “आता माझा नंबर.”